विक्रमातील वर्षांचा हिशेब

मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला एक वाद नित्य रंगलेला आढळतो. अमुक खेळाडू थोर की तमुक? एक पक्ष एका खेळाडूच्या एकूण धावा सांगतो, दुसरा पक्ष दुसऱ्याच्या अधिक धावा सांगून त्याचे तोंड बंद करतो, आणि घंटा होते. संख्या मोठी तो खेळाडू मोठा, असा निकाल त्या क्षणी सर्वांना मान्य झालेला असतो. हा निकाल बरोबर आहे काय, याचा थोडा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

आरंभी आपल्याच शिवारातील एक उदाहरण घेऊ. आपला बुऱ्हाणपूर जिल्हा केळीसाठी प्रसिद्ध आहे आणि असीरगडाच्या परिसरातील आपल्या निंबोल्याच्या मुलांना केळीची बाग नवी नाही. केळीचे पहिले पीक निघाल्यावर बुंध्याशी फुटलेले पील राखून शेतकरी पुढचे पीक घेतो. त्यास पिलबाग म्हणतात. समजा, एका शेतकऱ्याने केवळ मूळ बागेचे पीक घेऊन जमीन मोकळी केली. शेजाऱ्याने मात्र त्यावर पिलबागही घेतली. दोघांच्या एकूण घडांची तुलना करून शेजाऱ्याची जमीन अधिक कसदार ठरविली, तर गावातील कोणताही जाणता माणूस हसेल. तो प्रथम विचारील, “पिके किती घेतली?” हाच साधा प्रश्न खेळाच्या विक्रमांना विचारण्यास मात्र आपण विसरतो.

खेळातील विक्रम स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला एका डावाचा किंवा एका सामन्याचा. १९८८ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या शालेय हॅरिस शिल्ड स्पर्धेत शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या जोडीने ६६४ धावांची अखंड भागी केली, तो या प्रकारचा. येथे खेळाडूने किती वर्षे शाळेत काढली याचा संबंध येत नाही. जे घडले ते त्याच सामन्यात. दुसरा प्रकार सरासरीचा. तिसरा प्रकार संपूर्ण कारकिर्दीच्या बेरजेचा. या तिसऱ्या प्रकारात खेळाडूचे कौशल्य आणि त्यास मिळालेली वर्षे यांचा जणू गुणाकारच होतो. म्हणून वर्षांची संख्या बदलली की विक्रमाचा अर्थही बदलतो.

मोठेपणीच्या व्यावसायिक खेळात वर्षांवर फारसे बंधन नसते. शरीर साथ देईल आणि निवड होईल तोवर खेळावे. शाळा-महाविद्यालयांच्या खेळांत मात्र नियम वर्षे मोजून देतो, कारण तेथील खेळाडू हा आधी विद्यार्थी असतो. आपल्याकडील आंतरविद्यापीठ स्पर्धांतही वयाची आणि शिक्षणाच्या वर्षांची मर्यादा असते. ही मर्यादा सैल झाली किंवा आवळली, तर विक्रमांचे काय होते, हे स्पष्टपणे पाहावयाचे असल्यास अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे उदाहरण फार बोलके आहे. तेथे हा खेळ इतका लोकप्रिय आहे की प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक गुण नोंदलेला असतो.

पीट मॅराविच हा तरुण १९६६ साली लुइझियाना स्टेट विद्यापीठात दाखल झाला. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघातून खेळण्यास बंदी होती. त्याने ते वर्ष नवागतांच्या संघात काढले, आणि तेथे केलेले गुण त्याच्या अधिकृत हिशेबात कधीच धरले गेले नाहीत. पुढे १९६७ ते १९७० या तीन हंगामांत तो मुख्य संघातून ८३ सामने खेळला व त्याने ३,६६७ गुण मिळविले. सामन्यामागे सरासरी ४४ हून अधिक! तो खेळून गेल्यानंतर, १९७२ साली, पहिल्या वर्षाची ती बंदी उठली. १९८६-८७ च्या हंगामापासून दूर अंतरावरून टाकलेल्या चेंडूस दोनऐवजी तीन गुण देण्याचा नियम तेथील महाविद्यालयांत सर्वत्र लागू झाला. मॅराविचला या दोहोंपैकी कशाचाच लाभ झाला नव्हता.

पन्नासाहून अधिक वर्षे सर्वोच्च श्रेणीच्या महाविद्यालयीन स्पर्धेत त्याची बेरीज कोणासही गाठता आली नाही. नंतर २०२० साली कोरोनाची साथ आली. खेळ विस्कळीत झाले, मैदाने ओस पडली. विद्यार्थ्यांचे नुकसान होऊ नये म्हणून तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने ठरविले की, २०२०-२१ चा हंगाम खेळाडूच्या ठराविक चार हंगामांत मोजू नये. अर्थात त्या वेळी संघात असलेल्या प्रत्येकास एक वर्ष अधिक मिळाले. डेट्रॉइट मर्सी विद्यापीठाचा अँट्वान डेव्हिस हा त्यांपैकी एक. चार हंगामांच्या अखेरीस त्याचे गुण तीन हजारांच्या आत होते. अधिक मिळालेल्या पाचव्या हंगामात तो थेट मॅराविचच्या जवळ येऊन ठेपला. २०२३ सालच्या मार्चमध्ये त्याचा अखेरचा सामना झाला, तेव्हा त्याची बेरीज ३,६६४ होती. अवघे तीन गुण कमी पडले! त्याच्या संघास त्यानंतर कोणत्याही स्पर्धेत स्थान मिळाले नाही आणि मॅराविचचा विक्रम राहिला.

आता हिशेब पाहू. मॅराविचचे सामने ८३, डेव्हिसचे १४४. डेव्हिसची सरासरी सामन्यामागे सुमारे २५.४. याच गतीने तो ८३ सामनेच खेळला असता, तर त्याचे गुण २,११२ च्या आसपास झाले असते. शिवाय डेव्हिसने तीन गुणांचे ५८८ चेंडू जाळीत टाकले होते. मॅराविचच्या काळी त्या प्रत्येकाचे दोनच गुण मिळाले असते. तीनच गुणांनी हुकलेली ही बरोबरी वस्तुतः फार दूर होती, हे अंकगणितातील त्रैराशिक जाणणाऱ्या कोणाही विद्यार्थ्यास समजेल.

परंतु येथे घाईने निकाल देण्याचा मोह आवरला पाहिजे. डेव्हिसने काही लबाडी केली काय? मुळीच नाही. नियमाने दिलेले वर्ष त्याने घेतले, आणि त्या वर्षातही प्रत्येक गुण घामानेच मिळविला. पाच वर्षे दुखापतीवाचून खेळत राहणे व प्रतिपक्षाचे सारे लक्ष आपल्यावर खिळले असता गुण करीत राहणे, ही काही सामान्य गोष्ट नव्हे. दोष द्यावयाचाच तर तो दोन बेरजा एकाच रकान्यात शेजारी-शेजारी मांडून, त्यांमागील वर्षे न लिहिणाऱ्या आपल्या सवयीस द्यावा लागेल.

याच कथेचा उत्तरार्ध एका मुलीने लिहिला. आयोवा विद्यापीठाची केटलिन क्लार्क हिने ३ मार्च २०२४ रोजी मॅराविचची संख्या ओलांडली आणि १३९ सामन्यांत ३,९५१ गुणांवर आपली महाविद्यालयीन कारकीर्द संपविली. साथीच्या वर्षी खेळल्यामुळे तिलाही पाचवे वर्ष मिळू शकत होते. ते घेतले असते तर तिची बेरीज अशा उंचीवर गेली असती की, पुढील कित्येक पिढ्यांना ती दिसलीही नसती. तिने ते घेतले नाही. चार वर्षे पुरी करून ती व्यावसायिक खेळाकडे वळली. बेरीज वाढविण्याची संधी हाती असता पुढच्या अधिक कठीण पायरीवर पाऊल ठेवणे, हाही खेळाडूचा एक गुण म्हणावा लागेल.

आता स्वदेशी येऊ. आपल्याकडे असाच प्रश्न १९ वर्षांखालील मुलांच्या क्रिकेट विश्वचषक स्पर्धेत उभा राहिला. ही स्पर्धा साधारणतः दोन वर्षांनी भरते. त्यामुळे लहान वयातच निवड झालेल्या मुलास दोन स्पर्धा खेळता येतात, बाकीच्यांस एकच. या स्पर्धांतील एकूण धावांची यादी पाहावी. २०२४ सालच्या स्पर्धेअखेर पहिली तीन नावे अशी होती: ऑयन मॉर्गन ६०६, बाबर आझम ५८५ आणि आपल्या मुंबईचा सर्फराज खान ५६६. तिघेही दोन-दोन स्पर्धा खेळलेले होते. सर्फराज २०१४ व २०१६ साली. याउलट शिखर धवनने २००४ साली एकाच स्पर्धेत ५०५ धावा काढल्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या डेवाल्ड ब्रेव्हिसने २०२२ साली एकाच स्पर्धेत ५०६. बेरजेच्या यादीत हे दोघे मागे आहेत. परंतु एका स्पर्धेच्या मापाने मोजल्यास त्यांचे स्थान कोठे येईल, हे वाचकांनीच ठरवावे.

२०१६ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने नियम केला की, वयात बसत असला तरी एका खेळाडूने १९ वर्षांखालील विश्वचषक एकदाच खेळावा. त्या वेळी या संघाचे प्रशिक्षक राहुल द्रविड होते. त्यांचे घराणे मराठी बोलणारे आणि जन्म आमच्या बाजूच्या इंदूरचा. या नियमामुळे भारतीय मुलांना बेरजेच्या यादीत वर चढणे कठीण झाले, हे खरे. पण त्याची दुसरी बाजू अशी की, प्रत्येक स्पर्धेत पंधरा नव्या मुलांना दार उघडले. अमेरिकेत वर्ष वाढविले तेव्हा याच्या उलट घडले: जुने विद्यार्थी संघात राहिले, आणि शाळेतून नव्याने येणाऱ्या मुलांना तितक्या जागा कमी झाल्या. एकास दिलेले अधिक वर्ष कोणा दुसऱ्याच्या वाट्यातून येते. संघातील जागा अकराच असतात. त्या रबरासारख्या ताणता येत नाहीत.

वर्षे जशी वाढून मिळतात तशी ती हिरावूनही घेतली जातात. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना विजय मर्चंट व विजय हजारे ही नावे सांगावयास नकोत. १९३६ सालच्या ऑगस्टनंतर भारताचा पुढील कसोटी सामना झाला तो थेट १९४६ सालच्या जूनमध्ये. मध्ये दुसरे महायुद्ध आले. १९३६ साली मँचेस्टर येथे इंदूरच्या मुश्ताक अलींसह २०३ धावांची सलामी देणारे मर्चंट त्या वेळी २४ वर्षांचे होते. पुन्हा कसोटीस उतरले तेव्हा ३४ वर्षांचे. फलंदाजाची ऐन उमेदीची दहा वर्षे कसोटीविना गेली. पुढे आजारपणामुळे १९४७-४८ चा ऑस्ट्रेलियाचा दौराही हुकला. १९३३ पासून १९५१ पर्यंत, अठरा वर्षांत, त्यांच्या वाट्यास अवघे १० कसोटी सामने आले व धावा झाल्या ८५९. या आकड्याकडे पाहून कोणी त्यांस सामान्य फलंदाज म्हटले, तर प्रथम दर्जाच्या सर्व सामन्यांतील त्यांची ७१.६४ ही सरासरी त्यास गप्प करील. दीर्घ कारकिर्दीच्या फलंदाजांत त्यांच्यापुढे एकटे ब्रॅडमनच आहेत.

सांगलीस जन्मलेल्या हजाऱ्यांची गोष्ट तशीच. त्यांची पहिली कसोटी १९४६ साली लॉर्ड्सवर झाली, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्यानंतर सात वर्षांच्या आतच ३० कसोटींत त्यांनी २,१९२ धावा केल्या, सात शतके काढली, आणि १९४८ सालच्या ॲडलेडच्या सामन्यात दोन्ही डावांत शतके झळकाविली. आणखी मागे गेल्यास पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर दिसतात. भारताचा पहिला अधिकृत कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. त्यांची कसोटी धावसंख्या शून्यही नाही. ती अस्तित्वातच नाही. तरीही १९४०-४१ च्या हंगामात ४८ व्या वर्षी त्यांनी रणजी करंडकात २४६ धावांची खेळी केली, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो करंडक सलग दोन वर्षे जिंकला.

अशी वर्षे परत मिळत नाहीत. अगदी अलीकडेही हेच घडले. १९३४-३५ पासून महायुद्धातही न थांबलेली रणजी करंडक स्पर्धा २०२०-२१ साली साथीमुळे प्रथमच भरली नाही. अमेरिकेतील विद्यार्थ्यांना त्या वर्षाची भरपाई मिळाली. आपल्याकडे जो गुणी खेळाडू त्या वर्षी उमेदीच्या भरात होता, त्याच्या बेरजेतून तो हंगाम कायमचा गळाला. पुढे कोणी त्याच्या धावा मोजील, तेव्हा ही पोकळी आकड्यांत दिसणार नाही.

तर मग बेरीज टाकून देऊन सरासरीच खरी मानावी काय? असेही आम्हांस वाटत नाही. रणजी करंडकात मर्चंट यांची सरासरी ९८ च्या वर आहे. पण त्यांचे डाव ४७ च. त्या काळी ही स्पर्धा बाद पद्धतीची होती, हरला तो संघ घरी गेला. याउलट वसीम जाफर यांनी मुंबईकडून व नंतर विदर्भाकडून खेळून याच स्पर्धेत १२ हजारांहून अधिक धावा केल्या. १९९६-९७ पासून २०१९-२० पर्यंत ते प्रथम दर्जाचे क्रिकेट खेळले. त्यांच्या काळी साखळी सामन्यांमुळे डाव अधिक मिळाले, हे खरे. पण दोन तपे पहाटे उठून सराव करावयास कोणता नियम भाग पाडतो? नागपूरचे कर्नल सी. के. नायडू, ज्यांनी इंदूरच्या होळकर संघास कीर्ती मिळवून दिली, ते साठी उलटल्यावरही रणजीचे सामने खेळले. टिकून राहणे हेही कर्तृत्वच. सरासरी सांगते की खेळाडू किती उंच गेला. बेरीज सांगते की तो किती दूर चालला. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि दोहोंची उत्तरे वेगवेगळीच दिली पाहिजेत.

येथवर आम्ही दोन प्रकारची वर्षे पाहिली: नियमाने दिलेली आणि काळाने हिरावलेली. तिसऱ्या प्रकाराविषयी लिहिताना लेखणी जड होते. पण विद्यार्थ्यांच्या अंकात ते लिहिलेच पाहिजे. ती म्हणजे चोरलेली वर्षे. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील अशा गटांत होतात. जन्मतारखेच्या दाखल्यात दोन वर्षे कमी केली, की सोळा वर्षांचा दांडगा मुलगा चौदा वर्षांच्या मुलांत उतरतो आणि वाटेल तसे विक्रम करतो. या फसवणुकीस आळा घालण्यासाठी क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाच्या हाडांची क्ष-किरण तपासणी करविते. २०१५ सालच्या डिसेंबरमध्ये दिल्लीस दिलेल्या पतौडी स्मृती-व्याख्यानात द्रविड यांनी या प्रकाराची गणना सामने ठरवून खेळण्याच्या भ्रष्टाचाराच्या जोडीने करावी काय, असा प्रश्न विचारला होता.

हा प्रश्न कठोर वाटेल. पण विचार करून पाहावा. खोट्या वयाने खेळणाऱ्या मुलाचा विक्रम तर निरर्थक आहेच, कारण त्याने स्वतःहून लहान मुलांना हरविले आहे. त्याहून मोठी हानी त्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलाची होते, ज्याचे नाव संघाच्या यादीत बाराव्या क्रमांकावर राहिले. त्याने दाखला खरा दिला, एवढाच त्याचा अपराध. त्याने कदाचित पुढे खेळ सोडून दिला असेल. त्याच्या न झालेल्या धावा कोणत्याही वहीत नाहीत. आणि ज्या मुलाच्या हाती घरच्या माणसांनीच खोटा कागद दिला, तो मैदानावर काय शिकला, याचे उत्तर पालकांनी स्वतःशीच द्यावे. चोरलेले वर्ष पुढे टिकतही नाही. वयोगट संपतात, सर्वांना एकाच मैदानावर उतरावे लागते, आणि मग दाखल्यावरील दोन वर्षे बॅट धरावयास येत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, या विवेचनाचा आपणांस उपयोग काय, असे कोणी विचारील. आमची एक साधी सूचना आहे. कोणत्याही शाळेत खेळाच्या विक्रमांची वही असावी, आणि तीत नाव व संख्या यांच्याबरोबर आणखी तीन रकाने असावेत: किती सामने, किती वर्षे, कोणत्या इयत्तेत. एखादा विद्यार्थी आजारपणाने किंवा नापास होऊन त्याच इयत्तेत राहिला व म्हणून एक हंगाम अधिक खेळला, तर तेही लिहावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. एखादी गुणी मुलगी शेतीच्या कामासाठी किंवा घरच्या अडचणीमुळे एक वर्ष संघाबाहेर राहिली, तर तेही लिहावे. तिच्या लहानशा आकड्याशेजारी ते रिकामे वर्ष दिसले म्हणजे पुढील मुले तो आकडा आदराने वाचतील.

आणि मधल्या सुट्टीतला तो वाद? तो चालू राहावा अशीच आमची इच्छा आहे, कारण खेळावर प्रेम असल्यावाचून असे वाद होत नाहीत. फक्त पुढच्या वेळी कोणी मोठी संख्या तोंडावर फेकली, की केळीच्या बागेतील जाणत्या शेतकऱ्याप्रमाणे शांतपणे विचारावे, “पिके किती घेतली?”